चित्रपटवेड्या तरुणाची मुशाफिरी

पांढरपेशा घरांत मुलाच्या ज्या छंदांमुळें वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, त्यांत सिनेमाच्या नादाची गणना फार पूर्वीपासून होत आली आहे. मुलगा गाणें शिकूं लागला तर कौतुक होतें, चित्रें काढूं लागला तर निदान पाहुण्यांना तीं दाखविलीं जातात. पण आठवड्यांतून दोनदां तो चित्रपटगृहाची वाट धरूं लागला, कीं त्याच्या अभ्यासाची, पैशांची आणि चारित्र्याची एकदमच काळजी सुरू होते. ही काळजी अगदींच अनाठायीं आहे असें म्हणवत नाहीं. अंधारांत बसून दुसऱ्यानें केलेलें पाहणें, ह्यांत स्वतःचें कर्तृत्व तें कोणतें, हा प्रश्न रास्तच आहे. मात्र त्याचें उत्तर दर वेळीं एकच येत नाहीं. कलकत्त्याचा, म्हणजे आज ज्याला कोलकाता म्हणतात त्या शहराचा, एक तरुण तिशी ओलांडेपर्यंत चित्रपट पाहत राहिला. त्यांविषयीं तो वाचीत होता, लिहीत होता, मित्रांशीं वाद घालीत होता. पण दिग्दर्शक म्हणून त्याच्या नांवावर एका दृश्याचीहि नोंद नव्हती. ह्या प्रेक्षकाचें पुढें काय झालें हें जगाला ठाऊक आहे. प्रेक्षक असतांना तो काय करीत होता, कोठें कोठें हिंडला आणि पोट कसें भरीत होता, हें मात्र तितकेंसें सांगितलें जात नाहीं.

सत्यजित राय यांचा जन्म २ मे १९२१ रोजीं कलकत्त्यास झाला. आपल्याकडे त्यांचें आडनांव बहुधा ‘रे’ असें उच्चारलें जातें. आजोबा उपेंद्रकिशोर हे लेखक, चित्रकार आणि मुद्रणकलेंतले मोठे जाणकार. छायाचित्रांचे ठसे करण्याच्या पद्धतीवर त्यांनीं लिहिलेले लेख विलायतेंतील मुद्रणविषयक वार्षिकांत छापले जात. वडील सुकुमार राय यांच्या बालकवितांवांचून बंगाली मुलाचें बालपण आजहि पुरें होत नाहीं. घरांत विद्येची अशी पुंजी असतांना दैव आड आलें. १९२३ सालीं सुकुमार वारले तेव्हां मुलाला अडीच वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. पुढें छापखान्याचा धंदा बसला, गडपार रस्त्यावरचें राहतें घर सुटलें, आणि आई सुप्रभादेवी मुलाला घेऊन भवानीपुरांत भावाच्या घरीं राहावयास आल्या. आश्रयाला आल्या तरी त्या भावावर भार होऊन राहिल्या नाहींत. विधवांसाठीं चालणाऱ्या एका संस्थेंत शिवणकाम शिकवून त्या मिळवीत. चित्रपटांच्या तिकिटांचा हिशेब कोणी मांडावयाचा झाल्यास ह्या मिळकतीपासून मांडावा लागेल.

मामाच्या मोठ्या कुटुंबांत हौशी माणसांना तोटा नव्हता. सुटीच्या दिवशीं कोणी ना कोणी लहानग्या माणिकला, हें त्याचें घरांतलें नांव, चित्रपटाला नेई. तो काळ मूकपटांचा. चॅप्लिन, बस्टर कीटन, हॅरॉल्ड लॉइड ह्यांच्या करामतींनीं मुलें लोटपोट होत. बंगाली चित्रपट मात्र सुशिक्षित घरांतून मुलांना सहसा दाखवीत नसत. एकदां टारझनच्या चित्रपटाचीं तिकिटें संपलीं, म्हणून घरच्या वडील माणसानें नाइलाजानें त्याला एका बंगाली मूकपटाला नेलें. पडद्यावर प्रणयाचे प्रसंग सुरू होतांच त्या गृहस्थांची अशी कांहीं कुचंबणा झाली, कीं घरीं जावयाचें का, असें ते मुलालाच विचारूं लागले. राय यांनीं आपल्या बालपणच्या आठवणींत हा किस्सा मोठ्या खुमारीनें सांगितला आहे. पुण्यामुंबईकडील घरांनाहि ही कुचंबणा अपरिचित नव्हती.

शाळकरी वयांतच ह्या मुलानें एक वही घातली. पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाची तींत नोंद होई आणि नांवापुढें, आपल्या मतें त्याची जी योग्यता असेल तितके, तारे काढले जात. येथवर विशेष कांहीं नाहीं. अशा वह्या अनेक मुलांनीं घातल्या असतील आणि अनेक आयांनीं त्या दिवाळीच्या साफसफाईंत रद्दीवाल्याला दिल्या असतील. पण ही संवय टिकली आणि तिच्याबरोबर पाहणाराहि वाढत गेला. प्रारंभीं त्याचें सारें लक्ष नटनट्यांकडे होतें. मग हळूहळू ध्यानांत येऊं लागलें, कीं अमेरिकेंतल्या निरनिराळ्या चित्रसंस्थांच्या मालाची घडण सारखी नसते. मेट्रोच्या चित्रपटाची तकाकी निराळी आणि वॉर्नरच्या चित्रपटाची निराळी. कापडाच्या दुकानांत वाढलेल्या मुलाला नुसत्या स्पर्शानें गिरणी ओळखूं यावी, तसें हें झालें. त्यापुढची पायरी म्हणजे, हें सारें घडविणारा पडद्यामागें कोणी एक असतो आणि त्याला दिग्दर्शक म्हणतात, हा शोध. डीना डर्बिन ह्या गाणाऱ्या नटीला त्यानें एकदां कौतुकाचें पत्र लिहिलें होतें आणि तिचें मोठें अदबशीर उत्तर आलें. पुढें कांहीं वर्षांनीं ‘डबल इन्डेम्निटी’ पाहून त्यानें लांबलचक पत्र धाडलें तें दिग्दर्शक बिली वाइल्डर यांना. त्याचें उत्तर आलें नाहीं. तरीहि दोन पत्रांत दुसरें अधिक मोलाचें, असेंच म्हणावें लागेल.

दुसरा नाद पाश्चात्य संगीताचा. जुन्या बाजारांत हिंडून बीथोवेन, मोझार्ट ह्यांच्या तबकड्या हुडकावयाच्या आणि त्या घासून जाईपर्यंत ऐकावयाच्या, हा क्रम कॉलेजांतहि चालूं राहिला. प्रेसिडेन्सी कॉलेजांत आधीं शास्त्र आणि मग अर्थशास्त्र असा अभ्यास करून पदवी पदरांत पडली. अर्थशास्त्राशीं त्याचा पुढें संबंध आला तो बहुधा चित्रपटाच्या खर्चाची तोंडमिळवणी करतांनाच.

१९४० सालीं तो शांतिनिकेतनास गेला, तो मुख्यतः आईच्या इच्छेखातर. चौरंगीच्या झगमगाटांत रमलेल्या मुलाला, कलकत्त्यापासून आगगाडीनें कित्येक तासांच्या अंतरावरचा तो आश्रम म्हणजे वनवासच वाटला असल्यास नवल नाहीं. लहानपणीं आईबरोबर तो तेथें गेला होता तेव्हां रवींद्रनाथांनीं त्याच्या वहींत एक चिमुकली कविता लिहून दिली होती. दूरदूरचें पाहिलें, पण घराजवळचें पाहावयाचें राहून गेलें, अशा आशयाची ती कविता मोठेपणीं ह्याला समजेल, असें ते आईला म्हणाले होते. आतां मुलगा मोठा झाला होता. पण त्याचें मन अजून चौरंगीवरच होतें. ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ कलकत्त्यास येऊन गेला तेव्हां आपण शांतिनिकेतनांत होतों, ही चुटपुट त्यांच्या मनांत पुढेंहि राहिली. त्याची थोडीबहुत भरपाई ग्रंथालयानें केली. तेथें त्याला पॉल रोथा यांचा चित्रपटाच्या इतिहासावरील ग्रंथ आणि रेमंड स्पॉटिसवुड यांचें चित्रपटाच्या व्याकरणावरील पुस्तक सांपडलें. ज्या गोष्टीची घरांत करमणूक म्हणून बोळवण होत असे, तिला व्याकरण असूं शकतें, हें वाचून त्या तरुणाला काय वाटलें असेल ह्याची कल्पना करतां येते.

पण शांतिनिकेतनाचें खरें देणें निराळें होतें. नंदलाल बोस आणि विनोदविहारी मुखर्जी ह्यांच्या हाताखालीं चित्रकला शिकत असतां सहाध्यायांच्या सोबतीनें त्यानें एक लांबचा प्रवास केला: सांची, खजुराहो, वेरूळ, अजिंठा, घारापुरी. अजिंठ्याची वाट दाखवावयास नंदलालांसारखा अधिकारी दुसरा कोण असणार? १९०९-१० च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर तेथील भित्तिचित्रांच्या नकला करणाऱ्या तरुण चित्रकारांत ते स्वतः होते. अजिंठ्याच्या भिंतीवर जातककथा पाहतांना लक्षांत येतें, कीं तेथें प्रसंगाप्रसंगांत चौकटी घातलेल्या नाहींत. राजवाड्यांतून उपवनांत आणि उपवनांतून अरण्यांत डोळा आपोआप सरकत जातो, तीच व्यक्ति पुनः पुनः भेटत राहते, आणि कथा पुढें जाते. महाराष्ट्रांतील असंख्य माणसें ह्या लेण्यांत सहलीला जातात आणि फराळाच्या डब्यांसह परत येतात. ह्या बंगाली तरुणाला मात्र हा प्रवास जन्मभर पुरला. तोंवर त्याचा कलेचा आदर्श सर्वस्वी पाश्चात्य होता. पूर्वेकडील कलेकडे पाहण्याची दृष्टि आपल्याला शांतिनिकेतनानें दिली, असें त्यांनीं पुढें मोकळेपणानें सांगितलें आहे. १९४२ च्या डिसेंबरांत जपानी विमानांनीं कलकत्त्यावर बाँब टाकले आणि अभ्यासक्रम अर्धवट सोडून तो आईजवळ परत आला.

एप्रिल १९४३ मध्यें राय नोकरदार झाले. डी. जे. कीमर ह्या ब्रिटिश जाहिरात-संस्थेंत चित्रकार म्हणून दरमहा ८० रुपये पगार ठरला. ही नोकरी त्यांनीं तेरा वर्षें केली. दहा ते पांच जाहिरातींचे आराखडे काढावयाचे, दुपारीं जवळच्या कॉफीगृहांत मित्रांशीं वाद घालावयाचे, सायंकाळीं किंवा शनिवार-रविवारीं चित्रपट पाहावयाचे, असा हा नोकरदाराचा सरळसोट दिनक्रम होता. महायुद्धामुळें शहरांत अमेरिकन सैनिकांचा तळ पडला होता आणि त्यांच्यासाठीं नवे चित्रपट झपाट्यानें येत. त्या अंधारांत राय कागद-पेन्सिल घेऊन बसत. एका दृश्यावरून दुसऱ्या दृश्यावर चित्र केव्हां आणि कसें तुटतें, ह्याच्या खुणा ते न पाहतांच कागदावर ओढीत. घरीं आल्यावर त्या खुणांचा अर्थ लावीत.

त्याहून विलक्षण असा त्यांचा एक परिपाठ होता. एखाद्या कादंबरीवर चित्रपट निघत असल्याची बातमी आली, कीं ते ती कादंबरी मिळवून आपल्यापुरती तिची पटकथा लिहून काढीत. मग चित्रपट प्रसिद्ध झाल्यावर तो पाहून आपण काय निराळें केलें होतें तें ताडून पाहत. ह्यांत कोणाचें बोलावणें नाहीं, मोबदला नाहीं, वाचणारा नाहीं. घरचें खाऊन लष्कराच्या भाकरी भाजणें म्हणतात तें हेंच. फरक इतकाच, कीं ह्या भाकरी थापतां थापतां हात वळला. चित्रपटाचा शौक आणि चित्रपटाचा अभ्यास ह्यांमधली रेघ जर कोठें ओढावयाची असेल तर ती येथें ओढतां येईल.

त्याच सुमारास सिग्नेट प्रेस ह्या नव्या प्रकाशनसंस्थेसाठीं ते मुखपृष्ठें आणि चित्रें काढूं लागले. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ ह्या कादंबरीची मुलांसाठीं केलेली संक्षिप्त आवृत्ति अशीच चित्रें काढण्यासाठीं त्यांच्या हातीं आली. रेल्वे पाहावयास धांवणारीं दोन भावंडें, तोंडाचें बोळकें झालेली म्हातारी, पडकें घर आणि पावसाळा हीं सारीं त्यांच्या कुंचल्याखालून प्रथम गेलीं तीं प्रकाशकाचें काम म्हणून.

येथें एका गोष्टीचा उल्लेख टाळणें बरें नव्हे. राय कामावर रुजू झाले तें १९४३ साल बंगालच्या महादुष्काळाचें. त्या आपत्तींत सुमारें तीस लाख माणसें दगावलीं असा अंदाज केला जातो. खेड्यांतून आलेलीं कुटुंबें कलकत्त्याच्या रस्त्यांवर भाताच्या पेजेसाठीं टाहो फोडीत मरत होतीं, आणि त्याच रस्त्यांनीं शहरांतले नोकरदार सकाळीं कचेरीस व सायंकाळीं चित्रपटगृहास जात होते. राय त्या नोकरदारांतलेच एक. ह्या दुष्काळावरचा त्यांचा चित्रपट ‘अशनि संकेत’ पडद्यावर आला तो १९७३ सालीं, तीस वर्षांनंतर. पडदा पाहून तरबेज झालेली नजर पदपथावरचें पाहीलच असें नाहीं, हा चित्रपटाच्या नादावरचा सर्वांत कठीण आक्षेप आहे. आणि राय यांच्या उदाहरणानेंहि तो पुरता खोडला जात नाहीं.

१९४७ सालीं देश स्वतंत्र झाला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत राय, चिदानंद दासगुप्त आणि आणखी थोड्या मित्रांनीं मिळून कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. मुंबईंत अशा संस्था थोड्या आधींच निघाल्या होत्या. पहिला चित्रपट दाखविला तो आयझेन्स्टाइन यांचा ‘बॅटलशिप पोटेम्किन’. सभासद मूठभर आणि पैशाची नेहमींच चणचण. पण ह्या मंडळींना आतां एकमेकांशीं भांडावयास हक्काची जागा मिळाली होती. पुढच्या वर्षीं राय यांनीं ‘स्टेट्समन’ पत्रांत आपल्या चित्रपटांचें काय चुकतें ह्याची झाडाझडती घेणारा लेख लिहिला. हिंदी व बंगाली चित्रपटांनीं अमेरिकन धर्तीच्या वरवरच्या गोष्टी उचलल्या, पण ज्या जीवनावर ते उभे राहावयास हवेत तें सभोंवार पसरलेलें जीवन त्यांना दिसलेंच नाहीं, असा त्यांतला सूर होता. लेख अगदीं बिनतोड आहे. त्यांत एकच उणें होतें: लिहिणाऱ्यालाहि तोंवर चौरंगीपलीकडचा बंगाल फारसा ठाऊक नव्हता.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मुंबईस त्यांचा विजया दास यांच्याशीं नोंदणीपद्धतीनें विवाह झाला. कलकत्त्यास ब्राह्मपद्धतीचा समारंभ झाला तो १९४९ च्या मार्चमध्यें. विजयादेवी उत्तम गात, आणि चित्रपटांत त्यांनीं स्वतःहि कांहीं काळ उमेदवारी केली होती. नवऱ्याचा नाद काय आहे हें त्यांना कोणी समजावून सांगावें लागलें नाहीं.

१९४९ सालीं फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार हे ‘द रिव्हर’ ह्या आपल्या चित्रपटासाठीं जागा हुडकीत कलकत्त्यास आले. ते ग्रेट ईस्टर्न हॉटेलांत उतरले आहेत हें कळतांच राय त्यांना जाऊन भेटले, आणि मग सुटीच्या दिवशीं त्यांच्याबरोबर शहराबाहेर हिंडूं लागले. ह्या भटकंतींत मोठी मौज होती. बंगालमध्यें जन्मलेला वाटाड्या आणि परदेशांतून आलेला पाहुणा. पण पाहत होता तो पाहुणा. केळीचा एखादा झुबका, तळ्याकांठचें घर, नदीवरची नाव, अशा गोष्टींपुढें रेन्वार थबकत आणि प्रश्नांवर प्रश्न विचारीत. चित्रपटांत पुष्कळ गोष्टी दाखविण्याची आवश्यकता नसते, नेमक्या त्याच दाखवाव्या लागतात, असें त्यांचें सांगणें होतें. हॉलिवुडचा पगडा झुगारून दिलात तर तुम्ही लोक येथें थोर चित्रपट कराल, असेंहि ते म्हणत. शब्दन्शब्द टिपणाऱ्या त्या वाटाड्याला आपल्याच अंगणांतली केळ नव्यानें दिसली. ‘द रिव्हर’चें चित्रण सुरू झालें तेव्हां नोकरीमुळें राय यांना तेथें फारसें जातां आलें नाहीं. पण त्यांचे स्नेही बंशी चंद्रगुप्त कलादिग्दर्शकाचे साहाय्यक झाले, आणि सुब्रत मित्र नांवाचा एक विशीच्या उंबरठ्यावरचा मुलगा रोज जाऊन दिव्यांच्या मांडणीच्या आकृति वहींत काढूं लागला. हीं दोन्ही नांवें पुढें येणार आहेत.

१९५० च्या वसंतांत कीमर कंपनीनें राय यांना लंडनच्या कचेरींत कांहीं महिने काम करण्यासाठीं पाठविलें. पतिपत्नी बोटीनें निघालीं आणि हॅम्पस्टेड भागांत बिऱ्हाड केलें. लंडनला पोहोंचल्यावर तीन दिवसांच्या आंत त्यांनीं व्हित्तोरियो दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्‌ज’ पाहिला. कथा एवढीशी आहे. रोममधील एका बेकाराला भिंतींवर जाहिराती चिकटविण्याचें काम मिळतें, त्याला सायकल हवी असते, ती पहिल्याच दिवशीं चोरीस जाते, आणि बाप व लहान मुलगा ती दिवसभर शोधीत हिंडतात. बापाचें काम करणारा मनुष्य खराखुरा कारखान्यांतला कामगार, रस्ते खरे, पाऊस खरा. दहा ते पांच जाहिरातीच रंगविणाऱ्या माणसानें भिंतीवर जाहिरात डकविणाऱ्याची ही दैना पाहिली, हा योगायोगहि लहान नव्हे. ‘पथेर पांचाली’चा चित्रपट करावयाचा आणि तो असा करावयाचा, खऱ्या खेड्यांत आणि नवख्या माणसांकडून, हा बेत तेव्हां पक्का झाला. बंगालच्या खेड्याची वाट ह्या शहरी माणसाला रोमच्या रस्त्यांवरून सांपडली. पुढच्या चारपांच महिन्यांत त्यांनीं लंडनमध्यें एकूण ९९ चित्रपट पाहिले. हा आंकडा ऐकून कोणाची छाती दडपेल, कोणाला हंसूं येईल. ह्या ९९ चित्रपटांसाठीं कचेरी मात्र बुडालेली नव्हती.

चित्रपटाच्या ओढीनें लंडन गांठणारे राय पहिले नव्हत. मुंबईंत १९१० च्या पुढेंमागें ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहून दादासाहेब फाळके यांनीं असाच ध्यास घेतला होता. त्यांनीं विम्याच्या कागदांवर कर्ज काढलें आणि १९१२ सालीं विलायतेस जाऊन कॅमेरा व इतर यंत्रें मिळविण्याची तजवीज केली. घरीं सरस्वतीबाईंनीं आपले दागिने पुढें केले. फाळके यंत्र आणावयास गेले होते. अडतीस वर्षांनीं गेलेल्या राय यांना यंत्राची अडचण नव्हती; ते कलकत्त्यांत भाड्यानें मिळत होतें. त्यांनीं बरोबर आणलें तें केवळ धाडस. परततांना ल्यूसर्न, झाल्झबर्ग, व्हेनिस, पॅरिस हा प्रवास झाला, गाणें ऐकून झालें, चित्रें पाहून झालीं, आणि बोटीवर ‘पथेर पांचाली’चा पहिला आराखडा कागदावर उतरूं लागला.

१९५० च्या ऑक्टोबरांत ते कलकत्त्यास परतले आणि मग धंद्यांतल्या जाणत्यांचे सल्ले सुरू झाले. बाहेर उघड्यावर चित्रण होत नाहीं, खऱ्या पावसांत होत नाहीं, नवख्या माणसांकडून होत नाहीं. हे सल्लागार लुच्चे नव्हते. त्यांचा अनुभव त्यांना तसेंच सांगत होता. १९५२ च्या प्रारंभीं हिंदुस्थानांतला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट-महोत्सव मुंबईंत सुरू झाला आणि मग इतर शहरांत फिरला. त्यांत कुरोसावा यांचा ‘राशोमोन’ राय यांनीं लागोपाठ तीन दिवस तीन वेळां पाहिला. तोंवर वहींत टिपणें पुष्कळ झालीं होतीं.

२७ ऑक्टोबर १९५२ रोजीं, एका सुटीच्या दिवशीं, पांढऱ्या तुऱ्यांच्या काश गवताच्या रानांत पहिलें चित्रण झालें. कॅमेऱ्यामागें सुब्रत मित्र. त्यानें तोंवर एकहि चित्रपट घेतलेला नव्हता. कलादिग्दर्शक बंशी चंद्रगुप्त. पुढच्या रविवारीं मंडळी पुनः तेथें गेलीं तों रान मोकळें! गुरांनीं आठवड्यांत सारे तुरे फस्त केले होते. उरलेलें दृश्य घेण्यासाठीं गवत पुनः फुलण्याची वाट पाहावी लागली, म्हणजे एक संबंध वर्ष. पुस्तकांच्या पानांतून आणि पडद्यावरून खेडें शिकलेल्या माणसाला खेड्यानें दिलेला हा पहिला धडा असावा.

त्यानंतरची कहाणी पैशाची आहे आणि ती फाळक्यांच्या कहाणीहून फारशी निराळी नाहीं. विम्याचे कागद गेले, जुन्या बाजारांतून वेंचून आणलेल्या तबकड्या गेल्या, विजयादेवींचे दागिने गहाण पडले. काम कित्येक महिने बंद राहिलें. राय कचेरींत जाहिराती रंगवीतच होते. दरम्यान मुलगा अपूचा आवाज फुटूं नये, मुलगी दुर्गा एकदम मोठी दिसूं नये आणि ऐंशीच्या घरांतल्या चुनीबालादेवी जगून राहाव्यात, एवढीच प्रार्थना करणें दिग्दर्शकाच्या हातीं होतें. तिन्ही गोष्टी सुदैवानें घडून आल्या. शेवटीं मुख्यमंत्री विधानचंद्र राय यांच्या पश्चिम बंगाल सरकारनें पैसा पुरविला. रस्त्यांच्या नांवाचा चित्रपट म्हणून ही रक्कम रस्ते सुधारण्याच्या खात्यांतून दिली गेली, असें गमतीनें सांगतात.

३ मे १९५५ रोजीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत ‘पथेर पांचाली’ प्रथम दाखविला गेला. मुंबईच्या कॉरोनेशनमध्यें फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला तोहि ३ मेलाच, १९१३ सालीं. कलकत्त्यास ‘पथेर पांचाली’ २६ ऑगस्ट १९५५ रोजीं लागला. पहिले कांहीं दिवस गर्दी बेताची होती. मग रांगा लागल्या. १९५६ सालीं कान येथें त्याला मानवी जीवनाचा सर्वोत्कृष्ट दस्तऐवज म्हणून पारितोषिक मिळालें.

ह्या यशानंतरहि राय यांनीं लगेच नोकरी सोडली नाहीं. कीमर कंपनीचा राजीनामा दिला तो १९५६ सालीं, दुसरा चित्रपट ‘अपराजितो’ हातावेगळा होत असतां. १९५० सालीं ज्या व्हेनिसमध्यें एक नोकरदार जोडपें परतीच्या वाटेवर चित्रप्रदर्शन पाहत हिंडलें होतें, तेथल्याच महोत्सवांत १९५७ सालीं ‘अपराजितो’ला सुवर्णसिंह मिळाला.